दोन पाट्या

आमच्या घरात तयारी एका बाळाची होती आणि आली दोन.

१९७२ सालचा श्रावण. माणदेशात पाऊस तसाही पाहुण्यासारखाच येतो, पण त्या साली त्यानं आमच्या गावाकडं वाट वाकडी केलीच नाही. आदलं सालही तसंच कोरडं गेलेलं. विहिरीत बादली टाकली की पाण्याच्या आधी दगडाचा आवाज यायचा. अशा दिवसांत आईला कळा सुरू झाल्या. मी दहा वर्षांची. चौथीत होते. मला माजघराच्या बाहेर चुलीपुढं बसवलेलं, पाणी तापत ठेवायला. आतून पहिलं रडणं ऐकू आलं आणि आज्जीचा आवाज आला, "पोरगी हाय." त्या आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं, बाजारातून आणलेली जिन्नस सांगावी तसा तो होता. मग जरा वेळानं सुईण ओरडली, "आगं थांबा, आजून एक हाय की आत!" पाव तास गेला असेल. दुसरं रडणं अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखं आलं. "पोरगा!" आज्जी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

आज्जीनं बाळंतपणाचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. आबांच्या जुन्या धोतराची फाडून केलेली बाळुती, एक दुपटं, एक कुंची, दोन टोपडी, सहाण, वेखंडाचं कांड, बाळंतशेपा, आणि वरचं पाजायला पितळेचं एक बोंडलं. बोंडलं म्हणजे लांब चोचीची छोटीशी वाटी. हल्लीच्या पोरांना ते दाखवलं तर दिवा म्हणतील. ते माझ्या वेळचं होतं, आतून कल्हई केलेलं. सगळं एकेक. आता या एकाचं दोन करायचं कसं?

ते गल्लीनं केलं. शेजारच्या काकूनं तिच्या नातवाची कुंची दिली. सुतारांच्या घरून बाळुत्यांचं अख्खं गाठोडं आलं. एका म्हातारीनं नेसतं लुगडं सोडून आपलं दुसरं लुगडं झोळीला दिलं. तिच्याकडं दोनच होती. दुसरं बोंडलं मात्र कुठंच मिळालं नाही. पाचवीला सटवाईच्या पूजेला एकाच पाटावर दोघांना ठेवलं आणि बाराव्या दिवशी एकाच झोळीत दोघांना घालून नावं ठेवली. खरी नावं कागदावर राहिली. घरात पोरगा बाबू झाला आणि पोरगी चिमी.

चिमी आधी आलेली, अंगानं बरी. बाबू मात्र हातभर दोरीसारखा. त्याची मूठ माझ्या अंगठ्याएवढी होती. त्याला चोखायचाही दम नव्हता. दोन घोट घेतले की झोपायचा. "हे जगलं पायजे," आज्जी म्हणायची. तिनं त्याला जगवायचं मनावर घेतलं होतं. रात्री ती त्याला चोळीच्या आत उघड्या छातीशी धरायची, वरून पदर आणि त्यावर वाकळ. पहाटे बघावं तर म्हातारी बसल्या बसल्या झोपलेली आणि बाबूचं टकुरं तिच्या गळ्याखाली. पुढं अंगणवाडीच्या कामात आल्यावर एका प्रशिक्षणात मला सांगितलं गेलं, की कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरायचं, याला कांगारू पद्धत म्हणतात, आणि ती १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना आज्जी डोळ्यांपुढं होती. तिला ना शाळा ठाऊक, ना कांगारू. गार पडलेलं कोकरू धनगर घोंगड्याच्या आत घेतो, ते तिनं पाहिलेलं होतं.

दुष्काळी कामं निघाली. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम होतं आणि रस्त्यासाठी खडी फोडायचं. आबा बैलं घेऊन छावणीवर गेलेले. घरात दाणा म्हणजे रेशनवरची ती तांबडी मिलो. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. थापायला घेतली की कडा उलायच्या. आईनं सव्वा महिना कसाबसा काढला आणि दिवाळीच्या आधी तिचं नाव मस्टरवर चढलं. "दोघांला घिऊन कशी जानार?" आज्जीनं विचारलं. आज्जीला संधिवात, तिला दोन कोस चालणं जमणारं नव्हतं. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दप्तर खुंटीला अडकवलं. पाटी तेवढी बरोबर घेतली, कारण गुरुजी म्हणाले होते, "रोज शुद्धलेखनाच्या दहा ओळी काढत जा, मी रविवारी बघीन."

तर त्या वर्षात जुळी सांभाळायला आमच्याकडं काय काय होतं, ते सांगते.

पहिली म्हणजे पाटी. शेण-माती वाहायची निरगुडीच्या काड्यांची पाटी. तिच्यात खाली पोतं, वर दुपटं, आणि त्यात बाबू. ती पाटी आईच्या डोक्यावर. चिमी माझ्या काखेत, फडक्यानं पाठीशी गाठ मारून बांधलेली, म्हणजे माझा एक हात मोकळा राही. त्या हातात भाकरीचं गठुडं आणि माझी दगडी पाटी. वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, "पाटीत काय गं?" आई म्हणायची, "माणूस." परतताना आईच्या त्याच पाटीत जळणाच्या काटक्या असायच्या, मग बाबूही माझ्याकडं. एक पुढं, एक मागं. मी मधून दिसायचेच नाही, असं लोक सांगतात.

दुसरी वस्तू झोळी. कामावर एकच बाभळ होती, तिची सावलीही चाळणीसारखी. तिच्या एका आडव्या फांदीला मी दोन झोळ्या बांधायची. जवळजवळ बांधल्या तर एक हलली की दुसरी आदळते आणि झोपलेलं उठतं. लांब बांधल्या तर दोन्हीकडं पळावं लागतं. शेवटी हात-दीड हाताचं अंतर ठरलं. दोन्ही झोळ्यांच्या तळाला एकच दोरी बांधली आणि तिचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं. पाय हलवला की दोन्ही हलायच्या. झोळीचं तोंड मिटून कापड नाकावर येऊ नये म्हणून वरच्या बाजूला आडवी काठी घालायची, ही युक्ती एका वडारणीनं शिकवली. तिचीही लेकरं तिथंच त्या बाभळीला वाढत होती. दुपारी सावली सरकायची, तशी मी झोळीवर ओलं फडकं टाकायची, पण ओलं करायला पाणी कुठलं? टँकरच्या पाण्याचं पिंप होतं, त्यावर मुकादमाचा पहारा. पिण्यापुरतं पाणी मिळायचं.

त्यामुळं तिसऱ्या वस्तूचा, म्हणजे बाळुत्यांचा, प्रश्न फार बिकट झाला. दोन पोरांची दिवसाला पंचवीस-तीस बाळुती होतात. हे मी मोजून सांगते. ओली झालेली धुवायला पाणी नाही. मग मुतलेली नुसती कडक उन्हात खडीवर पसरायची आणि वाळली की झटकून पुन्हा बांधायची. शी झालेली बाळुती वाळूत घासायची, वेगळी गाठोड्यात ठेवायची आणि रात्री घरी राखेच्या पाण्यात खळखळून काढायची. तेच पाणी मग अंगणातल्या एकुलत्या एका शेवग्याला. पोरांच्या जांघा लाल व्हायच्या. आज्जी म्हणायची, त्यांना उघडीच ठेव. मग मी सावलीत दोघांना उघडीच ठेवायची आणि खाली वाळू पसरायची. वाळू भिजली की वरची ओंजळभर काढून टाकायची, झालं. त्या वर्षी मला सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती वाटली म्हणाल, तर वाळू.

चौथी वस्तू बोंडलं. इथून पुढचं सांगायला मला पन्नास वर्षं लागली.

आईला दूध पुरेसं येत नव्हतं. दिवसभर घण मारायचा, पोटात मिलोची भाकरी, दोन वेळ पाणी. दूध यायचं कुठून? घरात एक शेळी होती. बाभळीच्या शेंगांवर आणि लिंबाच्या पाल्यावर तगलेली. ती वाटीभर दूध द्यायची. आज्जीनं वाटणी करून टाकली: "बाबू आशक्त हाय, त्याला अंगावरचं. पोरगी धट हाय, तिला बोंडल्यानं शेळीचं पाजा." ऐकायला ते बरोबरच वाटायचं. मलाही वाटलं. त्यात पोरगा-पोरगी आहे, हे तेव्हा कुणी बोललं नाही, आणि न बोलताच सगळ्यांना कळलेलं होतं.

शेळीचं दूध मी पाणी घालून उकळायची, बाटलीत न्यायची आणि मांडीवर चिमीला आडवी घेऊन बोंडल्याच्या चोचीनं घोट घोट पाजायची. ओठाच्या कडेला चोच टेकवायची, ती जीभ काढते, मग थेंब सोडायचा. घाई केली की ठसका लागतो. दहा वर्षांच्या पोरीचा हात त्यात तरबेज झाला. पण उन्हाच्या वेळी बाटलीतलं दूध कधी नासायचं, आणि कधी वाटीभर दुधात वाटीभर पाणी जास्त पडायचं.

त्यातच घोटाळे व्हायला लागले. आई सुट्टीत घाईनं येई, कुणाला पाजलं, कुणाला नाही, ते तिच्या ध्यानात राहत नसे. रात्री अंधारात तर एकालाच दोनदा पाजलं जाई आणि दुसरं रडून रडून निजे. आई म्हणाली, "आक्के, तू शाळेत जातीस न्हवं, ल्ही की ह्ये कुठंतरी." जात होते, असं मनात आलं. पण मी पाटी घेतली, मधोमध उभी रेघ मारली, एकीकडं 'ब' काढला, दुसरीकडं 'च'. अंगावर पाजलं की एक रेघ. बोंडल्यानं पाजलं की एक टिंब. शुद्धलेखन राहिलं. गुरुजींनी रविवारी पाटी पाहिली, विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पाटी परत दिली. पुन्हा त्यांनी शुद्धलेखन मागितलं नाही.

रोज निजताना मी पाटी पुसायची. मार्गशीर्षात चिमीला हगवण लागली. तीन दिवसांत ती अशी झाली की टाळू आत गेली, बोटानं खड्डा लागायचा. डोळे उघडे, पण बघायची नाही. रडणं थांबलं होतं. त्या शांततेचीच मला भीती वाटली, कारण जुळ्यांच्या घरात शांतता नसते. आज्जी म्हणाली, "सटवाईनं लिवलं आसंल तसं." त्या रात्री मी पाटी पुसली नाही. आईपुढं नेऊन ठेवली. आईला अक्षर येत नव्हतं, पण रेघा मोजायला अक्षर लागत नाही. 'ब' खाली नऊ रेघा. 'च' खाली एक रेघ आणि चार टिंबं.

आईनं चिमणीचा उजेड जवळ ओढला. एकेका रेघेवर बोट ठेवत मोजलं. पुन्हा मोजलं. मग मला विचारलं, "रोजचं आसंच आसतंय?"

मी मान हलवली.

ती काही बोलली नाही. उठली, चिमीला उचललं, पदराखाली घेतलं. चिमीला आधी धरताच येईना. आईनं थेंब थेंब तिच्या तोंडात पिळलं. आज्जी अंथरुणातून म्हणाली, "आगं, पोरगा वाळंल." तेव्हा आई तिच्याकडं न बघता म्हणाली, "दोगंबी माझ्याच पोटातनं आल्यात, आत्याबाई." आमच्या घरात सुनेनं सासूला दिलेलं मला आठवणारं ते एवढंच उत्तर. त्या रात्री आई झोपली नाही, मीही नाही. पहाटेकडं चिमीनं आपणहून तोंड उघडलं.

पुढच्या दिवसापासून आई दर खेपेला दोघांना घ्यायची. एक उजवीकडं, एक डावीकडं, दोन्ही काखांखाली पाय मागं, मांडीवर वाकळेची घडी. हाजरी घेणारा कुरकुरला, वेळ जातो म्हणाला, दोनदा मापात काटछाटही केली. आईनं सोसलं. कामावर पोरांना सुकडी मिळायची, माझी सुकडी मी आईला द्यायची. पहिल्यांदा तिनं नको म्हटलं, मग घ्यायला लागली. आणि नवल म्हणजे दूध वाढलं. बाबू वाळला नाही. जितकं पाजावं तितकं दूध येतं, हे मला पुढं वीस वर्षांनी पुस्तकात वाचायला मिळालं. आईलाही ते आधी माहीत नव्हतं. दोघांतलं एक वाळेल हे धरूनच तिनं दोघांना पाजलं होतं.

१९७३ चा पाऊस आला. दिवाळीपर्यंत पोरं पायांवर उभी राहिली. सुतारानं पांगुळगाडा करून दिला, पण एकच. लाकूड तेवढंच होतं. पुढं दोन लहान चाकं, मागं दोन, आणि धरायला आडवा दांडा. बाबू दांडा धरायचा नाही, गाड्यावर बसून घ्यायचा आणि चिमी त्याला अंगणभर ढकलायची. आज्जी ओट्यावरून बघायची आणि हसता हसता डोळे पुसायची. म्हणायची, "धट हाय माझी बया." म्हातारी वाईट नव्हती. तिनं तिच्या काळात दोन पोरं पुरली होती, आणि कुणाला तारायचं याचा तिनं शिकलेला हिशेब तेवढाच होता.

मी शाळेत परत गेले नाही. पोरं चालायला लागली, मग धावायला लागली, मग त्यांच्यामागं धावायला माणूस लागलं. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासरी निघताना मी आबांना एकच मागितलं: "चिमीची शाळा सोडवायची न्हाय." आबांनी शब्द पाळला. चिमी डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका लागली. बाबू गावात डाळिंबं करतो. मी संसार सांभाळून प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बसले, बाहेरून सातवी दिली आणि अंगणवाडीत लागले. तिथं पोरांची वजनं करून तक्त्यावर टिंबं मांडायची असत. माझ्या तक्त्यात कधी चूक सापडली नाही. त्याचा सराव मला दहाव्या वर्षीच झाला होता.

२००५ साली देशभराचा रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात एक कलम होतं: कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. एका बैठकीत ते वाचून दाखवलं गेलं. बाकीच्या बाया पुढचं ऐकत होत्या, मी तिथंच अडकले. त्या बाभळीखाली पाचाहून जास्त पोरं नक्की होती. म्हणजे मी जे करत होते, ते काम होतं. मला पैसे नको होते. ते काम होतं एवढं कुणी म्हणायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी चिमीच्या लेकीला पुण्यात जुळं झालं. आईकडून हे येतं म्हणतात, आमच्याकडं तरी आलं. दोन मुली. चिमीची शाळा चालू, म्हणून मी गेले. सातव्या मजल्यावरचं घर, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतका पसारा. दोन सिटांची बाबागाडी, दोन पाळणे, आपोआप हलणारा झोका, बाटल्या उकळायचं यंत्र, खुळखुळ्यांचं झुंबर. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, सगळं आणलंय, तरी काहीच पुरत नाही गं."

मी आठ दिवस नुसतं बघितलं, मग बोलले. जुळ्यांच्या घरात सगळं दोन-दोन लागत नाही. बाळुती दुप्पट लागतात, दुपटी दुप्पट लागतात, माणसं दुप्पट लागतात. पाळणा पहिले दोन-तीन महिने एक असला तरी भागतं. दुसऱ्यात कपडेच साठतात. जोडीची बाबागाडी शेजारी-शेजारी सिटांची होती, ती लिफ्टच्या दारातून जाईना. घ्यायचीच तर आधी दार मोजावं, किंवा मागं-पुढं सिटांची घ्यावी. आपोआप हलणारा झोका पाहुण्यांना दाखवायच्या कामी आला. पण कमरेभोवती बसणारी अर्ध्या चंद्रासारखी जाड उशी होती, तिच्यावर दोघींना एकदम पाजता येतं. ती बघून मला आईची वाकळेची घडी आठवली. ती उशी सोन्याची. दूध काढायचं यंत्रही चांगलं, कारण काढून ठेवलेलं दूध रात्री बाप वाटी-चमच्यानं पाजू शकतो आणि आईला सलग चार तास झोप मिळते. त्या झोपेसारखी वस्तू दुकानात मिळत नाही. डायपर रात्री आणि बाहेर जाताना. दिवसा सुती लंगोट, आणि तासभर उघडं. वाळू मात्र मी सुचवली नाही.

बोंडलं मी बरोबर नेलं होतं. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बाटलीपेक्षा हे बरं, अशक्त बाळांना आम्हीही असंच पाजायला सांगतो, फक्त स्टीलचं घ्या, उकळायला सोपं. आणि वरचं दूध सहा महिने नको. मी म्हटलं, ते मी हजारभर बायांना सांगून झालेय, बाई.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जावईबापूंनी एकीलाच दोनदा पाजलं. दुसरी उपाशी रडत राहिली, आणि नवरा-बायको एकमेकांवर चिडली. "मोबाईलमध्ये नोंद करायची सोय आहे मावशी, पण हातात बाळ असताना मोबाईल कोण उघडणार?" पोरगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी खाली दुकानात गेले. दगडी पाटी मिळाली नाही, पत्र्याची मिळाली. मधोमध उभी रेघ मारली आणि पलंगाच्या उशाला खिळ्याला टांगली, खडू दोरीनं बांधला. अंगावरचं असेल तर रेघ, वाटीचं असेल तर टिंब. शी झाली तर फुली. घरातला कुणीही आला तरी बघून त्याला कळायला हवं. चार दिवसांत भांडण थांबलं.

बारशाला चिमी आणि बाबू दोघंही आली. बाबूनं डाळिंबाची पेटी आणली. चिमीनं पाटी पाहिली. शिक्षिकेचं लक्ष पाटीकडंच जाणार. "आक्का, ही काय गं तऱ्हा?" तिनं विचारलं.

आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आज्जी तर कधीच गेलेली. ज्यांना वाईट वाटेल असं कुणी उरलं नव्हतं, चिमीशिवाय. इतकी वर्षं मी म्हणत आले की तिला कशाला सांगायचं. त्या दिवशी वाटलं, तिचं आहे ते तिला ठाऊक असावं. मी सांगितलं. नऊ रेघा, एक रेघ, चार टिंबं. टाळूचा खड्डा. आईचं उत्तर. बाबू खाली मान घालून ऐकत होता, जणू त्या नऊ रेघा त्यानंच चोरल्या होत्या.

चिमी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं भावाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नऊ रेघा पिऊन बी ह्यो आसाच वाळका ऱ्हायला व्हय?"

बाबू हसला आणि हसता हसता रडायला लागला. साठीकडं झुकलेला माणूस. चिमीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तुझी शुद्धलेखनं, आक्का?"

मला उत्तर सुचलं नाही. आत कुणीतरी रडायला लागलं, मागोमाग दुसरी. चिमी उठली, पाटीकडं एकवार पाहिलं आणि लेकीला हाक मारून म्हणाली, "आधी बारकीला घे गं. हिची एक रेघ कमी हाय."